पहिलीच्या मॅडम घरी येणार आहेत, काय तयारी ठेवू? (मुलगी फक्त अहिराणी बोलते)

बोरीकाठ | ८ जून, रात्री ९.४०

राम राम मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण कालपासून डोक्यातून जात नाही म्हणून विचारतो.

माझी मुलगी यंदा पहिलीत जाणार. गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा. काल मॅडमचा फोन आला, "बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास तुमच्याकडे येते, मुलीला भेटायचंय, तुमच्याशीही बोलायचंय." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घाम फुटला. घाम तसाही फुटतच होता, पाऊस पडेपर्यंत पारोळ्याकडे उन्हाळाच असतो, पण हा वेगळा.

आमच्या घरी मास्तर आल्याचं मला एकदाच आठवतं. मी पाचवीत होतो. तीन दिवस शाळेच्या नावाने निघून बोरीच्या पात्रात खेकडे धरत होतो. गुरुजी सायकलवर आले, ओट्यावर बसले, पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून निघून गेले. पुढे काय झालं ते पाठीला माहीत. तेव्हापासून मास्तर घरी आले म्हणजे काहीतरी उघडकीला आलं, असंच बसलंय मनात. आईचंही तेच. तिला सांगितलं तर म्हणे, "मास्तरीन घर काबर येस? पोरनी काय करं?" (मास्तरीण घरी कशाला येते, पोरीने काय केलं?)

घरात सध्या आम्ही तिघंच. बायको बाळंतपणाला चाळीसगावला माहेरी गेली आहे, महिनाअखेरची तारीख दिली आहे. वावरात ठिबकवरच्या कपाशीची लावणी चालू. मुलगी दिवसभर एकतर आजीजवळ नाहीतर माझ्या मागे वावरात.

आता अडचणी. घर धाब्याचं, पुढच्या भिंतीचा पोपडा पडलाय, दोन दिवसांत पोतारून होईल पण वास राहील. खुर्ची एकच आहे, तिचाही एक पाय आखूड. गोठा दारासमोर. चार खुर्च्या आणि एक टेबल मंडपवाल्या आप्पांकडून आणता येईल.

खरी अडचण पुढेच आहे. मुलगी परकं माणूस दिसलं की धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते. आणि बोलते ती पक्की आजीची अहिराणी. आम्ही घरात तिला ठकी म्हणतो, दाखल्यावरच्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही, तिला वाटतं दुसऱ्या कोणालातरी बोलावतायत. एप्रिलात शाळेत तो पूर्वतयारीचा मेळावा झाला, त्यात सात टेबलं होती. उड्या मारणं, चेंडू टाकणं, वस्तू वेगळ्या करणं, सगळं झटपट केलं पोरीने. भाषेच्या टेबलावर चित्र दाखवून "हे काय आहे?" विचारलं तर माझ्या पँटला धरून उभी. हातात विकास पत्र दिलं त्यावर त्या रकान्यात काय लिहिलं ते मी अजून नीट वाचलेलं नाही, भीती वाटते.

आणि एक. तिला सहा पूर्ण होतील ऑक्टोबरात. आई म्हणते, लहान आहे, घेणार नाहीत, तेच सांगायला मॅडम येतायत.

तर मंडळी, बुधवारपर्यंत काय करू? दोन-तीन दिवसांत पोरीला शुद्ध बोलायला शिकवता येतं का? दोन कविता पाठ करून घेऊ का?

---

खडूडबी | ८ जून, रात्री १०.३५

दादा, पहिली गोष्ट, आप्पांच्या खुर्च्या आणू नका.

मी जि. प. शिक्षिका, धुळे जिल्ह्यात, पंधरा वर्षं झाली. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दाखलपात्र मुलांच्या घरी जाते. ऑक्टोबरचं म्हणाल तर ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा पूर्ण होतात ते मूल पहिलीला चालतं. तुमची मुलगी बसते त्यात. माईंना सांगा, मॅडम पोरीला परत करायला येत नाहीत.

भाषेचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण त्यात माझीच फजिती झालेली आहे. मी मूळची लातूरकडची. २०१० साली साक्री तालुक्यात पहिली नेमणूक. अहिराणीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक बारका उभा राहिला आणि म्हणाला, "माले तीस लागनी." मला वाटलं पोराला तीसपर्यंत आकडे येतात. मी फळ्यावर ३० काढले आणि म्हटलं, शाब्बास, पुढे म्हण. तो पुन्हा तेच म्हणाला. मी पुन्हा शाब्बास. तिसऱ्या वेळेला तो रडायला लागला. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, त्याला हाताला धरून माठाकडे घेऊन गेली आणि पाणी पाजलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तहान लागली होती पोराला. ४३ डिग्रीत मी त्याचं गणित घेत होते.

त्यामुळे तीन दिवसांत पोरीला शुद्ध बोलायला शिकवू नका, तिची जीभ आणखी आत जाईल. उलट करा. एका वहीच्या पानावर तिचे दहा-बारा शब्द लिहून ठेवा. पाणी हवं असेल तर काय म्हणते, लघवीला काय म्हणते, पोट दुखलं तर काय, भीती वाटली तर काय, घरी जायचं असेल तर काय. शेजारी आपलं मराठी. ते पान मॅडमच्या हातात द्या. माझ्याकडे असं पान कोणी दिलं असतं तर मी त्याला फेटा बांधला असता.

कविता पाठ करून घेऊ नका. घरोघर तेच होतं. मूल भिंतीकडे तोंड करून कविता म्हणतं, बाप ओठ हलवत असतो, आणि मला त्यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा ती रोज जे करते ते करू द्या. शेंगा सोलते? सोलू द्या. शेळीला पाला टाकते? टाकू द्या.

नाव मात्र आजपासून. कविता राहू दे, हे करा. जेवायला बोलावताना, अंघोळीला बोलावताना, दाखल्यावरचं नाव घ्या. ठकी बंद करायची नाही, दोन्ही चालू द्या. हजेरी घेताना "मी आहे" न म्हणणारी निम्मी पोरं आपलं नावच ओळखत नसतात. आणि ते नाव जन्मदाखल्यावर आणि आधारवर सारखं आहे का ते बघा, काना-मात्रेसकट. जनरल रजिस्टरला एकदा चढलं की ते दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत चालतं, आणि ऑनलाइन माहिती भरताना आधारशी जुळलं नाही की आम्ही सगळे अडकतो. दाखला हाताशी नसला म्हणून प्रवेश अडत नाही, कायद्याने अडवता येत नाही, पण असेल तर काढून ठेवा.

आता मी घरात शिरल्यावर खरोखर काय बघते ते सांगते. भिंत बघत नाही. मूल शाळेत कोणत्या वाटेने येईल ते बघते. मध्ये नाला आहे का, ट्रॅक्टरचा रस्ता आहे का, सोबत कोण. शौचाला एकटी जाते का, आतून कडी लावता-काढता येते का. (शाळेच्या शौचालयाची कडी अडकून पोर आत राहण्याचे प्रकार दरवर्षी होतात आणि मग ते पोर महिनाभर शाळेत लघवीला जात नाही.) आणि आई सध्या घरी नाही, बाळ येणार आहे, हे तुम्ही स्वतःहून सांगा. जून-जुलैत पोर रडली तर शाळेमुळे की आईमुळे, हे मॅडमना कळायला हवं.

---

केळीकांदेबाग | ९ जून, सकाळी ७.०५

मॅडमचं बरोबर असेल पण मी माझा अनुभव सांगतो. रावेर तालुका. आमच्या घरात लेवा बोली. मोठ्या मुलाला शहरातल्या एका इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा आधी आम्हा नवरा-बायकोला बोलावलं. शिक्षण किती, घरात इंग्रजी कोण बोलतं, गाडी कोणती. मी बीएस्सी ॲग्री आहे तरी तोंडातून 'काय व्हतं' निघालं, आणि समोरच्या बाई खाली बघून हसल्या. त्या दिवसापासून घरात बोली बंद. त्यामुळे भाऊ, भिंत पोतारा, खुर्च्या आणा, पोरीला चार मराठी वाक्यं शिकवाच. जग दिसण्यावर चालतं.

---

खडूडबी | ९ जून, सकाळी ७.५०

भाऊ, तुमच्याकडे झालं ते वाईटच, आणि बेकायदेशीरही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १३ तेच सांगतं, प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची छाननी करायची नाही. ते खासगी शाळांनाही लागू आहे. पण त्या मुलाखतीची तयारी या भेटीला लावू नका. तिथे तुम्हाला घ्यायचं की नाही ते ठरवत होते. इथे मुलगी घेतलेलीच आहे, बाकी काही ठरायचं नाही.

आणि बोली बंद केली म्हणता, मुलगा आजीशी काय बोलतो मग?

---

केळीकांदेबाग | ९ जून, सकाळी ८.१५

कमीच बोलतो. ते आहे.

---

सातपुडा_सेविका | ९ जून, दुपारी २.२०

दादा मी अंगणवाडी सेविका आहे, शहादा तालुक्यात. आमच्याकडे पोरं पावरी बोलतात, भिली बोलतात, अहिराणी त्यातल्या त्यात मराठीला जवळची म्हणायची. काळजी करू नका.

माझं एकच सांगणं. तुमच्या गावच्या अंगणवाडीतल्या ताईंना त्या दिवशी सोबत यायला सांगा. मुलगी अंगणवाडीत गेली असेल ना? मग तिला त्यांचा चेहरा ओळखीचा आहे. मॅडम एकट्या आल्या तर कोठीमागे जाईल, ताईंसोबत आल्या तर निदान डोकावेल. वजन-उंचीच्या नोंदी, कोणत्या पोरांत मिसळत होती, डब्यातलं खात होती का, हे ताईंना तोंडपाठ असतं.

दुखणं असेल तर लपवू नका. हे मी सगळ्यांनाच सांगते कारण आमच्या भागात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आजाराची, पोरं आहेत. आईबाप सांगत नाहीत, पुढे पोरीच्या लग्नाचं काय म्हणून. मग शाळेत त्याला उन्हात कवायत करायला लावतात, पाणी कमी पडतं, आणि संध्याकाळी हातपाय दुखून पोर लोळते. बाईंना माहीत असतं तर त्यांनी दर तासाला पाणी दिलं असतं, सावलीत बसवलं असतं. फिट, दमा, कान फुटणं, रात्री अंथरूण ओलं होणं, जे असेल ते कानात सांगा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना मी आणखी एक सांगते, दिवाळीनंतर गुजरातेत जाणार असाल तर जूनमध्येच बोला, म्हणजे हंगामी वसतिगृहाचं (आईबाप बाहेर असताना पोरांनी गावीच राहायची सोय) बघता येतं. तुम्हाला ते लागू नाही पण दुसरं कोणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

---

अमळनेर_ते_लेस्टर | ९ जून, रात्री ११.५५

मी अमळनेरची, सध्या इंग्लंडात लेस्टरला. इथे मूल चार वर्षांचं झालं की पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शन नावाच्या वर्गात जातं, आणि बऱ्याच शाळांतून त्याआधी शिक्षक घरी येतात. आमच्याकडे दोघी आल्या होत्या. एक माझ्याशी बोलत बसली, दुसरी सरळ गालिच्यावर बसून मुलाच्या गाड्या रांगेत लावायला लागली. अर्धा तास. मी आदल्या रात्री जागून शंकरपाळे केले होते, त्यांना पुढे आणखी तीन घरं करायची होती, कोणी हातही लावला नाही. आठवडाभर आम्हीच खाल्ले.

त्यांनी विचारलं, घरात कोणत्या भाषा? मी म्हटलं मराठी, इंग्रजी. अहिराणी सांगितलीच नाही. दादा, लेस्टरमध्ये त्या बाईला मराठी आणि अहिराणी यातलं काय कळणार होतं? तरी जीभ अडली. मुलगा त्याच्या आजीशी रोज व्हिडिओवर अहिराणीत भांडत असतो. वर्गात तो पाणी मागतो तेव्हा काय म्हणतो हे सांगायचं राहूनच गेलं, आणि वरचं 'तीस' वाचल्यावर आज रात्री मला झोप येत नाहीये.

तुम्ही सांगा. पहिल्या वाक्यात सांगा.

---

बोरीकाठ | १० जून, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. खुर्च्या आणल्या नाहीत. भिंत मात्र आईने पोतारलीच, तिला कोण अडवणार. शब्दांचं पान केलं, मी सांगत गेलो तर सहाच झाले, आई बसली तर एकवीस. अंगणवाडीच्या ताईंना फोन केला, येतो म्हणाल्या. विकास पत्र वाचलं. भाषेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरी गोष्टी सांगा'. एवढंच. दोन महिने मी ते कपाटात उलटं ठेवलं होतं.

पोरीला चहा द्यायला शिकवू का?

---

खडूडबी | १० जून, रात्री ८.२५

नका. गरम कप, पाच वर्षांची पोर. तुम्हीच द्या.

---

बोरीकाठ | ११ जून, रात्री ९.१५

झाली भेट. लिहितो सगळं, मोटर चालू करायला अजून पाऊण तास आहे.

मॅडम सव्वानऊला स्कूटीवर आल्या, मागे अंगणवाडीच्या ताई. तोंडाला पांढरा स्कार्फ, तो सोडेपर्यंत ठकी कोठीमागे पोचली होती. मी हाक मारणार तोच मॅडमनी हातानेच नको म्हटलं. खुर्ची पुढे केली तर ती डुगडुगली, त्या हसल्या आणि आईशेजारी बाजेवर जाऊन बसल्या. आई सुपात दादर ज्वारी निवडत होती. मॅडमनी विचारलंही नाही, मूठभर ज्वारी पुढ्यात घेतली आणि निवडायला लागल्या. माझ्याशी बोलणं चालूच. बायको कधी येणार, वाटेत नाला आहे तो किती भरतो, पोरीला सोडायला कोण येणार. आईचं दुखणं-खुपणंही विचारून झालं.

दहाएक मिनिटं झाली असतील. मॅडम खडे काढत होत्या आणि बोलण्याच्या नादात चांगल्या ज्वारीच्याच ढिगावर टाकत होत्या. आईला दिसत होतं, पण मास्तरणीला कसं बोलायचं म्हणून गप्प. आणि कोठीमागून आवाज आला, "तठे नई! आठे टाक!" ठकी बाहेर, थेट सुपापाशी. मॅडमनी टाकलेले खडे एकेक उचलून बाजूला केले, त्यांच्याकडे न बघता. मॅडम म्हणाल्या, "मन्ही चूक व्हयनी, आते दखाड बरं कथा टाकू." (माझी चूक झाली, आता दाखव बरं कुठे टाकू.) मंडळी, त्या अमळनेरच्या निघाल्या. माहेर-सासर दोन्हीकडे अहिराणी. मी दोन दिवस जे पान लिहीत बसलो होतो ते त्यांना तोंडपाठ होतं. तरी घेतलं त्यांनी, घडी करून पर्समध्ये ठेवलं, दिवाळीनंतर त्यांची बदली झाली तर दुसऱ्या मॅडमना देता येईल म्हणाल्या. मुद्दाम खडे चुकीच्या ढिगात टाकत होत्या का, हे मी विचारलं नाही. ताई म्हणतात हो.

नाव विचारलं. पोरीने श्वास घेतला आणि स्वतःचं, माझं, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं आगगाडीसारखं एका दमात. वर शेवटी, "नई ते ठकी."

मग मी जरा फुशारलो. म्हटलं, मॅडम, हिला हिशेब येतो, वावरात माझ्यामागे कपाशी लावते, चौफुलीवर (आडव्या-उभ्या रेघा जिथे छेदतात तिथे) दोन-दोन बी टाकते, चुकत नाही. मॅडमनी विचारलं, तीन चौफुल्यांना किती? बोटं न मोजता सहा सांगितले. माझी छाती फुगली. मॅडमनी तिचा हात हातात घेतला, पालथा केला, सुलटा केला. बोटांची टोकं आणि नखं गुलाबी होती.

"हा रंग बियाण्याचा ना?"

मी हो म्हटलं.

"त्याला औषध लावलेलं असतं, दादा. पाकिटावर लिहिलेलं असतं. या हाताने जेवते का ही?"

मी काय सांगणार. वावरात भाकर सोडतो तेव्हा कॅनमधल्या पाण्याने हात ओले करतो, साबण कोण नेतो. आईने माझ्याकडे असं बघितलं की पाचवीतले गुरुजी आठवले. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, मोजायला हरभरे द्या, चिंचोके द्या, बी तुम्ही लावा. मग ताईंनी साबण मागितला आणि तिथेच मोरीवर तिचे हात घासून घेतले. ठकीला गंमत वाटली, फेस आला म्हणून.

चहा अर्धा कप घेतला. जाताना सांगून गेल्या, १६ तारखेला सकाळी पोरीला घेऊन दोघं या, आजीलाही आणा. आई तेव्हापासून कोणतं लुगडं नेसायचं ते बघतेय.

संध्याकाळी पाकीट शोधून वाचलं. लिहिलेलं आहेच, बारीक अक्षरात, चित्रासकट. लिंबू लावून बघितलं, नखातला रंग अजून गेलेला नाही. लावायची एक एकर राहिली आहे, उद्या चुलतभाऊ येतो म्हणालाय. रावेरच्या भाऊंनी नंतर काही लिहिलं नाही, मुलगा आजीशी बोलला का ते कळवा.

लाईट आली वाटतं, जातो वावरात.